सिलिंडर माझ्या ताब्यात आहे

४ डिसेंबर

चि. पाना यास,

आशीर्वाद. थंडीने बोटं वळत नाहीत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझंही काही मोत्यासारखं नाही.

फोन का नाही केला म्हणशील. एक तर जन्मभर फ्रीज दुरुस्त करून तुझे कान गेलेले. मी घसा फोडायचा आणि तू नुसतं ‘हं, हं’ करायचं. दुसरं म्हणजे हा फोन आमच्या चिरंजीवांनी घेऊन दिलाय. मी कोणाशी किती वेळ बोलले ते त्याला म्हणे दिसतं. त्यापेक्षा पत्र बरं. चिकटवलं की तोंड बंद.

मुद्द्यावर येते. हे जाताना मागे दोन गोष्टी ठेवून गेले, हे घर आणि ते गरम हवेचं यंत्र. हीट पंप. एक डबा बाहेर भिंतीपाशी, एक आत माळ्यावर, आणि प्रत्येक खोलीत जमिनीजवळ एक जाळी, तिच्यातून गरम हवा येते. आत्तापर्यंत कुरकुर नव्हती. यंदा थंडी पडली आणि ते मध्येच बंद पडायला लागलं. तासभर चालतं, खटकन थांबतं, मग रुसल्यासारखं गप्प.

चिरंजीवांना सांगितलं तर त्यांनी मेकॅनिक धाडला. तो येणार म्हणून सकाळपासून खपले. सगळ्या खोल्या उघडल्या, झाडल्या, पलंगांवर चादरी घातल्या, शिवणयंत्रावरचं कापड काढलं. घर नांदतं दिसलं पाहिजे. तो काय, चिरंजीवांचा माणूस. इथलं तिथे जाऊन सांगणार.

त्याने पाइपांना ती दाब मोजायची घड्याळं लावली, जरा बघितलं, म्हणाला, “मावशी, गॅस थोडा कमी वाटतोय,” आणि घातला. यंत्र तेव्हा अगदी शहाण्यासारखं चाललं. तो गेला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खटकन. आधीपेक्षा लवकर.

आता मला सांग, गॅस असा संपतो का? का मला बाईमाणूस बघून गुंडाळतायत? मला तर वेगळाच वास येतोय. चिरंजीव दर खेपेला विचारतो, “आई, एवढ्या घराचं तू करतेस काय?” मी म्हणते, एका खोलीत शिवण, एकीत सामान, एकीत पाहुणे, मलाच जागा पुरत नाही. मग गप्प बसतो. पण ज्या घरात थंडीने माणूस काकडतं ते घर माणूस आपणहून सोडतं, एवढं मला कळतं. शाळा चौथीत सुटली असली तरी.

लगेच लिही. पाल्हाळ नको.

तुझी,
ताई

*

१२ डिसेंबर

ती. ताईस,

पायावर डोकं. गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरच.

तुझं यंत्र म्हणजे उलटा फ्रीज. फ्रीज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, तुझं यंत्र बाहेरची उचलून आत टाकतं. बाहेर एवढी थंडी, तिथे उष्णता कुठली, असं विचारू नकोस. असते. तुझ्यासारख्या कडक बाईतही थोडी माया निघतेच की.

ती उचलणारा हमाल म्हणजे गॅस. बंद पाइपात गोल गोल फिरतो. बाहेरून ओझं उचललं, आत आणून टाकलं, परत बाहेर. हा गॅस शेगडीतल्यासारखा जळत नाही, की संपला. कमी झाला तर कारण एकच, कुठेतरी भोक. आणि भोक न शोधता जो गॅस घालतो, तो एक तर गाढव, नाही तर लबाड. मी दोन्ही जाती पाहिल्यात. दोन्ही माझ्याच दुकानात नोकरीला होत्या.

पुढच्या वेळी तो आला की खुर्ची टाकून समोर बस. त्याच्या तोंडाकडे बघू नको, हाताकडे बघ. पाइपाच्या जोडांना साबणाचा फेस लावतो का? जिथे बुडबुडे येतात तिथे भोक. डब्यावर एक पाटी असते, गॅस किती हवा ते तिच्यावर लिहिलेलं असतं. ती वाचतो का? का नुसता घड्याळाकडे बघून मान हलवतो?

भाच्याबद्दल मी काय बोलू. लहानपणी माझे पाने न्यायचा आणि परत आणून द्यायचा. असं पोर मोठेपणी बिघडतं की नाही, मला माहीत नाही. तुझं तू बघ.

इकडे घामाच्या धारा लागल्यात आणि पंखा घरघरतोय. स्वतःचा पंखा मात्र दुरुस्त करायला मला वेळ होत नाही.

तुझा,
पाना

*

२० डिसेंबर

चि. पाना यास,

आशीर्वाद. तू म्हणालास तसं केलं. डोळ्यात तेल घालून बसले.

यंत्र दिवसातून चारदा गप्प होत होतं. मेकॅनिकला निरोप दिला. तो येणार म्हणून पुन्हा सगळ्या खोल्या उघडा, जाळ्या पुसा, चादरी घाला. कंबर धरली. मग बाहेर डब्यासमोर खुर्ची टाकली, दोन शाली गुंडाळल्या आणि बसले पहाऱ्याला.

साबणाचा फेस लावला. बुडबुडा नाही. पाटीही वाचली, चष्मा लावून वाचली. मग घड्याळं लावली आणि म्हणतो, “गळती नाही मावशी. उलट दाब थोडा चढा दिसतोय. मागच्या वेळी घातलेल्यातला थोडा काढतो.” आणि काढला की रे. एका रिकाम्या सिलिंडरमध्ये भरून घेतला.

म्हटलं, “परवा घातलास, आज काढतोस? दूध आहे काय, उतू जायला लागलं की काढून घ्यायचं?”

तो हसला. मला हसलेलं आवडत नाही.

आता खरी गोष्ट ऐक. जाता जाता दारात थांबला आणि म्हणाला, “मावशी, एरवी कुठल्या खोल्या बंद ठेवता का?” कसा सहज विचारल्यासारखं विचारतो बघ. याला कशाला हव्यात माझ्या खोल्या? म्हटलं, “या घरात बंद खोली नाही. सगळं वापरातलं आहे. जा आता.”

दोन दिवसांनी चिरंजीव आला. चहा घेतला, तुझी चौकशी केली, आणि मी स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात मागच्या खोलीत फीत लावून भिंत मोजत होता. मी दाराआडून पाहिलं. खिडकीही मोजली. मी खाकरले तशी फीत खिशात. म्हणतो, “काही नाही आई, असंच.” असंच कोणी भिंती मोजतं? निघाला तेव्हा फाटकाशी मेकॅनिकची गाडी उभी. दोघांचं कुजबुज कुजबुज. मला बघून दोघंही गप्प.

एक मोजतो, एक विचारतो. आणि मी इथे थंडीत. यंत्र काल पुन्हा थांबलं.

तुझा सल्ला कळव. तुझ्या त्या मायेच्या विनोदाला मी हसले नाही.

ताई

*

२८ डिसेंबर

ती. ताईस,

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं.

घातला आणि काढला? मी उभा जन्म फ्रीजच्या मागे पोटावर सरपटत काढला. आमच्या वेळी गॅस जास्त झाला तर फुस्स करून हवेत सोडून द्यायचो. सिलिंडरमध्ये भरून कोणी घरी नेत नव्हतं. हा नेतोय, म्हणजे तुझा गॅस काढून दुसऱ्याला विकतोय. सरळ हिशेब आहे. आज थोडा नेला, उद्या सगळा नेईल, मग म्हणेल यंत्र मोडीत काढा.

आणि जो माप घेतो तो गिऱ्हाईक शोधतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. भाचा माझाही आहे, मला वाईट वाटतंय, पण भिंत मोजून फीत लपवतो याचा अर्थ काय लावू?

घराची किल्ली कोणाकोणाकडे आहे? चिरंजीवांकडे एक असेल, ती मागून घे. आणि तो मेकॅनिक आला तर लक्ष ठेव. सिलिंडर बाहेर जाता कामा नये.

मिळमिळीत राहू नकोस. तू लहानपणी माझ्या पाठीत धपाटे घालायचीस, ती ताई कुठे गेली?

पाना

*

९ जानेवारी

चि. पाना यास,

ती ताई इथेच आहे. ऐक.

चिरंजीवांना बोलावून सांगितलं, किल्ली ठेव. म्हणाला, “का?” म्हटलं, “माझं घर, माझी किल्ली.” त्याने खिशातून जुडगा काढला. मग जुडग्यातून किल्ली सोडवली. सुटता सुटत नव्हती, नखाने काढली. टेबलावर ठेवली आणि गेला. चहा तसाच. साय धरली त्याच्यावर. मी फेकून दिला.

परवा मेकॅनिक आला. मी बोलावलं नव्हतं. म्हणतो, “साहेबांनी सांगितलंय, एकदा काय तो निकाल लावा.” म्हटलं लाव निकाल, मीही बघते. त्याला फाटकात थांबवून आधी खोल्या उघडल्या, चादरी घातल्या, मगच आत घेतलं.

या वेळी त्याने एक वजनकाटा आणला होता, सपाट, पाट असतो तसा. त्यावर सिलिंडर ठेवला आणि यंत्रातला गॅस त्यात ओढायला सुरुवात केली. थोडा नाही, सगळा. तू म्हणालास तसंच. मी खुर्ची आणखी पुढे ओढली. काट्यावरचे आकडे बघत होता. मग म्हणतो, “मावशी, गॅस कमी नाहीच. पाटीवर लिहिलाय त्यापेक्षा किंचित जास्तच भरतोय. दोष यंत्रात नाही. मला खरं सांगा, खोल्या बंद असतात का?”

झालं. उठले. म्हटलं, “माझा गॅस चोरतोस आणि वर माझ्या खोल्या विचारतोस? चालता हो.” तो म्हणाला, “अहो मावशी, सगळा गॅस बाहेर आहे, परत भरू तर द्या.” म्हटलं, “निघ.” त्याने सिलिंडरला हात घातला. मी झाडू घेऊन त्याच्यावर बसले. सिलिंडरवर, मेकॅनिकवर नाही. लोखंड बर्फासारखं, पण बसले. तो बिचारा उभा राहिला, घड्याळं गुंडाळली, काटाही तिथेच विसरला आणि गेला. बिचारा म्हणायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

तर आता सिलिंडर माझ्या ताब्यात आहे. पलंगाखाली सरकवलाय, वर गोधडी टाकलीय. गॅस माझा, घरात आहे, कोणाच्या बापाला मिळणार नाही. फक्त यंत्रात नाही. घर थंडगार पडलंय. बादलीतल्या पाण्यावर पापुद्रा धरतो. एक छोटा विजेचा हीटर आहे, तो पायाशी घेऊन बसते.

मी स्वतःच भरीन म्हणते. नळी कुठे लावायची आणि कुठला नट फिरवायचा ते नीट चित्र काढून पाठव. माझे हात अजून थरथरत नाहीत. थंडीने थरथरतात ते वेगळं.

ताई

*

१५ जानेवारी

ती. ताईस,

नटाला हात लावू नकोस. आधी ते सांगतो. सिलिंडर हीटरपासून लांब ने, आत्ता, पत्र वाचायचं थांबव आणि ने. तापला तर फुटेल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उभा ठेव.

नेलास? आता पुढचं वाच.

तुझं पत्र घेऊन मी माझ्या जुन्या दुकानात गेलो. तिथे आता एक पोरगी बसते, एसीची कामं करते. तिला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिच्या हातातला पाना पडला. मग गंभीर झाली. म्हणाली, काका, आता गॅस हवेत सोडत नाहीत, मनाई आहे. काढलेला सिलिंडरमध्येच धरायचा. आणि थंडीत असल्या यंत्राचा गॅस घड्याळावरून नीट कळत नाही, म्हणून सगळा बाहेर काढायचा, वजन करायचं, पाटीशी ताडून पाहायचं आणि पुन्हा तोलून भरायचा. हीच खरी पद्धत. तुमच्या बहिणीने चांगला माणूस हाकलला.

म्हणजे ताई, चोर कोणी नव्हतं. गाढव मात्र होतं, आणि ते इकडून पत्रं लिहीत होतं.

मग तिने मला एक प्रश्न विचारला. तोच प्रश्न, जो तुझ्या मेकॅनिकने दोनदा विचारला.

मी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. प्रत्येकात एक वाक्य आहे: ‘तो येणार म्हणून सगळ्या खोल्या उघडल्या.’ तो येणार म्हणून. म्हणजे तो नसताना?

ताई, यंत्र पाच खोल्यांना हवा ढकलायला बांधलंय. त्यातल्या बऱ्याच जाळ्या बंद केल्या की ती हवा जाणार कुठे? उष्णता माळ्यावरच कोंडते, पाइपातला दाब चढतो, आणि यंत्र जीव वाचवायला आपणहून थांबतं. मग तू निरोप देतेस, तो येणार म्हणून सगळं उघडतेस, दाब उतरतो, आणि तो बिचारा (मीही लिहिलं बघ) उघड्या घराचं माप घेतो. तो गेला की तू पुन्हा बंद करतेस. तो एका घराचं औषध देतोय आणि आजारी दुसरंच घर आहे.

मला खरं सांग. किती खोल्यांत राहतेस?

पाना

*

२० जानेवारी

पाना,

सिलिंडर लांब नेला.

आधी वाटलं तुझं पत्र फाडावं. तूही त्यांच्यातलाच. पण फाडलं असतं तर उत्तर काय दिलं असतं, म्हणून ठेवलं.

एका. एका खोलीत राहते. झालं समाधान?

हे गेले त्या थंडीपासून एकेक खोली बंद करत आले, यंदा चौथी. मागची खोली, शिवणाची खोली, पाहुण्यांची खोली आणि ह्यांची खोली, चारींच्या जाळ्यांचे खटके दाबून बंद, वर कापडाचे बोळे, दाराच्या फटीला गुंडाळलेली गोधडी. मला एकटीला पाच खोल्यांची ऊब कशाला? वीज काय फुकट येते? आणि ह्यांच्या खोलीतून गरम हवेचा आवाज यायचा, कोणी श्वास घेतल्यासारखा. ते मला नको होतं.

शिवण नाही. डोळे साथ देत नाहीत. सामान म्हणजे दोन ट्रंका. पाहुणे म्हणजे कोण? तू येतोस का?

हे चिरंजीवांना कळलं तर तो म्हणणार, बघ, मी म्हणत होतो, एका खोलीपुरतं तर राहतेस, चल, विकून टाकू. मग मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? म्हणून सगळ्या खोल्या भरलेल्या. तो आला की भरलेल्या, मेकॅनिक आला की भरलेल्या. दर वेळी चादरी घालून घालून माझी कंबर गेली, पण घर माझं राहिलं.

आता मेकॅनिकला बोलावून ‘खोटं बोलले’ असं सांगायला मी जाणार नाही. थंडी काय, महिनाभराची. चार शाली आहेत.

यावर जास्त लिहू नकोस.

ताई

*

२४ जानेवारी

ती. ताईस,

बरं. नाही लिहीत.

पाचवी शाल पाठवतोय. इकडे तिचा काही उपयोग नाही.

पाना

*

५ फेब्रुवारी

चि. पाना यास,

आशीर्वाद, पण अर्धाच. बाकीचा का कापला ते शेवटी.

परवा दार वाजलं. चिरंजीव. किल्ली नाही ना, म्हणून वाजवलं. त्याने या दाराची कडी वाजवलेली मी कधी ऐकलीच नव्हती. परक्यासारखा आवाज वाटला. मागे मेकॅनिक, खांद्यावर पिशवी. मला खोल्या उघडायला वेळच मिळाला नाही. न सांगता आले. मुद्दामच.

सून नव्हती बरोबर, तेवढं बरं.

तो सरळ आत गेला. ओळीने एकेक दार उघडत गेला. गोधड्या पायाने बाजूला केल्या, वाकून जाळीतले बोळे काढले, हातात घेऊन बघितले. ह्यांच्या खोलीपाशी थांबला. तिथलं दार त्याने उघडलं नाही. माझ्याकडे वळला. मी म्हटलं, “उघड. आता काय राहिलंय.”

मी तयारीत होते. तो म्हणणार, घर विकू. मी काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, तुझ्यापर्यंत ऐकू गेलं असतं असं.

तर तो पलंगावर बसला आणि म्हणतो, “शिवण कुठंय आई?”

म्हटलं, “नाहीये.”

“सामान?”

“दोन ट्रंका.”

“पाहुणे?”

मी वाकून गोधडी उचलायला लागले.

मग म्हणतो, “मी दोन वर्षं विचारतोय, एवढ्या घराचं काय करतेस. तू म्हणतेस जागा पुरत नाही. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत. तुझी सून म्हणते, आईंना विचारा ना, आपल्याला एक खोली मिळेल का. मी म्हणतो, तिलाच पुरत नाही, कुठल्या तोंडाने विचारू. मागच्या खोलीत आमचा पलंग बसतो का एवढं तरी बघावं, म्हणून फीत लावली, तर तू खाकरलीस.”

“मग तोंडाने बोलायला काय झालं होतं?”

“तुझ्यासमोर?” म्हणाला.

मेकॅनिक दारात उभा. इतका कान देऊन घड्याळाच्या नळ्या पुसत होता की विचारू नकोस. त्याला म्हटलं, “आणि फाटकाशी तुमचं काय कुजबुजत होतं?” तो म्हणतो, “साहेब विचारत होते, घरात आणखी दोन माणसं आली तर हे यंत्र पुरेल का. मी म्हटलं, खोल्या उघड्या असतील तर पुरेल. म्हणून तुम्हाला विचारलं, तर तुम्ही झाडू घेतला.”

म्हटलं, “पहिल्या वेळी काटा न लावता गॅस का घातलास मग?” तेव्हा मात्र त्याने मान खाली घातली. “अंदाजाने घातला. चुकलंच,” म्हणाला. म्हणजे मी अगदीच खोटी नव्हते. हे तुझ्या दुकानातल्या पोरीला सांग.

सिलिंडर आणून दिला. आधी त्याने पंप लावून पाइपातली हवा पार ओढून काढली, त्यात बराच वेळ गेला. मग काट्यावर सिलिंडर ठेवून पाटीवर आहे तेवढाच गॅस आत सोडला. वरचा किंचितसा राहिला तो म्हणाला, “हा माझा, मीच घातलेला.” म्हटलं, “ने बाबा. त्याच्यावर बसून मला सर्दी झालीय.”

यंत्र सुरू झालं. पाचही जाळ्या उघड्या. त्याने मला घड्याळ दाखवलं, काटा एका जागी स्थिर. मग चिरंजीवाला म्हणाला, आता चार जाळ्या बंद करा. त्याने केल्या. काटा चढायला लागला, माझ्या डोळ्यांसमोर, कोणी गळा धरल्यासारखा. “पुरे,” म्हटलं, “उघड त्या.” उघडल्या. उतरला.

पाना, मी तो काटा बघत होते आणि मला घाम आला. घरात अजून थंडी होती तरी.

येत्या आठवड्यात ते येतायत राहायला. मायेपोटी की भाडं वाचतं म्हणून, देव जाणे. मी विचारलं नाही. सूनबाई माझ्या स्वयंपाकघरात डबे हलवणार, हे मात्र मी आत्ताच लिहून ठेवते. मसाल्यांच्या डब्यांवर माझं लक्ष असेल.

किल्ली तिथेच टेबलावर पडली होती. मी उचलून दिली नाही. जाताना त्याने घेतली. जुडग्यात अडकवताना पुन्हा नखाने झटापट. मी दुसरीकडे बघितलं.

आता तुझा अर्धा आशीर्वाद. चिरंजीव वाकून बोळे काढत होता तेव्हा त्याच्या वरच्या खिशातून एक पाकीट डोकावत होतं. त्यावरचं अक्षर मी अंधारातही ओळखीन. मुंग्यांची रांग पाण्यात पडल्यासारखं. मी म्हटलं होतं, यावर जास्त लिहू नकोस. तू मला लिहिलं नाहीस, त्याला लिहिलंस. इतके दिवस मी दाराआडून चिरंजीवाला बघते, फाटकाशी मेकॅनिकला बघते, आणि माझ्या पाठीमागे खरा कट करणारा कोण, तर ज्याला मी सगळं विश्वासाने लिहिलं तो.

नाकबूल करू नकोस. वेळ घालवू नकोस. तुझा पंखा तसाच घरघरतोय ना? राहू दे. सामान बांध आणि ये. पाहुण्यांची खोली उघडी आहे. चादर अजून घातलेली नाही, तू कोणी मेकॅनिक नाहीस. पण जाळी उघडी आहे, आणि तिच्यातून गरम हवा येतेय, आत्ता हे लिहिताना पायाला लागतेय.

धपाटा समोरासमोर घालीन.

ताई